तेरा वेळा दुप्पट

१९३० सालचा हिवाळा. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या सायन्स म्युझियमचं जड दार ढकलून तुम्ही आत येता, आणि तुमच्याबरोबर ओल्या लोकरीचा आणि कोळशाच्या धुराचा वासही आत येतो. इंजिनं, तराजू, दुर्बिणी मागे पडतात. कुठूनतरी वाद्यवृंद ऐकू येतोय. त्या दिशेनं चालत तुम्ही दालनात पोचता आणि बघता तर वादक एकही नाही. आहे ते एक प्रचंड चौकोनी तोंड. बाजू ७ फूट १ इंच. उंच माणूसही त्यात सहज ताठ उभा राहील.

वाजतंय ते बीबीसीचं प्रक्षेपण. शहराच्या उत्तरेला ब्रुकमन्स पार्कचं नवं केंद्र नुकतंच सुरू झालंय, त्या लहरी इथे पकडल्या जातात आणि या तोंडातून बाहेर पडतात. डबल बेसवर गज फिरतो तेव्हा तो स्वर आधी पोटाला कळतो, मग कानाला. आजूबाजूची माणसं टोपी हातात घेऊन उभी आहेत. घरच्या रेडिओत त्यांना खर्ज कधी भेटलेलाच नाही.

आता तोंडासमोरून बाजूला या आणि त्या कर्ण्याच्या कडेनं मागे चालत जा. तो निमुळता होत जातो, २७ फूट. म्युझियमचे एक अभिरक्षक रॉडरिक डेनमन यांनी १९२९ साली तो आखला. दर दोन फूट एक इंचावर थांबून आतल्या पोकळीचं क्षेत्रफळ मोजा. प्रत्येक थांब्यावर ते आधीच्या निम्मं भरेल. तेरा थांबे झाले की कर्णा संपतो आणि हाती उरतं एक गोल भोक, एक इंचाहून जेमतेम मोठं, व्यास १ १/१६ इंच. हा कर्ण्याचा घसा. घशापासून मुखापर्यंत क्षेत्रफळ आठ हजार पट वाढलं, पण ते तेरा वेळा, सारख्या अंतरावर, दुप्पट होत वाढलं. अशा कर्ण्याला घातांकी म्हणतात. सगळं गणित या चालीत आहे. दुप्पट व्हायला जितकं जास्त अंतर द्याल तितका कर्णा खालच्या स्वरापर्यंत उतरेल. हा ३२ हर्ट्झपर्यंत उतरतो. हेच अंतर निम्मं केलं असतं तर तो ६४ हर्ट्झवरच थांबला असता आणि डबल बेसची सगळ्यात खालची मोकळी तार, ४१ हर्ट्झची, त्याला पेलली नसती.

घशाला एक जड, गोल, धातूचा डबा स्क्रूनं बसवलाय. हाच ड्रायव्हर. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५-डब्ल्यू. बेल लॅबोरेटरीजच्या वेंट आणि थुरास यांनी बोलपटांसाठी १९२६ साली तयार केलेल्या युनिटचा हा भाऊ. आत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा, त्याला अ‍ॅल्युमिनियमच्याच पट्टीची कॉइल, भोवती विजेवर चालणारं चुंबक. ३२ पासून ६००० हर्ट्झपर्यंतचा सगळा पल्ला हा एकटा पडदा सांभाळतोय. मदतीला दुसरा ड्रायव्हर नाही, स्वर वाटून देणारं सर्किट नाही.

एवढासा पडदा एवढा मोठा आवाज कसा देतो? उघड्या हवेत हलणारा पडदा म्हणजे पाणी आटलेल्या हापशाचा दांडा. हात जोरात चालतो, घाम येतो, बादलीत काही पडत नाही. हवा इतकी हलकी की पडद्याला ती जाणवतच नाही; ती नुसती बाजूला सरते. अरुंद घशात मात्र हवेला बाजूला सरायला जागा नसते. ती दाबली जाते, पडद्याला उलट जोर लावते, आणि पडद्याच्या हालचालीचं खरं काम होऊ लागतं. मग कर्णा तो दाब हळूहळू सैल करत, पसरवत, मुखाशी खोलीतल्या हवेच्या हवाली करतो. साध्या पेटीतला स्पीकर मिळालेल्या विजेतला शंभरातला एखादा भाग आवाजात उतरवतो. नीट जुळलेला कर्णा त्याच्या दहा-वीस पटींनी, कधी त्याहूनही जास्त काम करतो. १९३० च्या काळात अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॉटचे असत. कर्णा ही तेव्हा चैन नव्हती, गरज होती.

तुम्ही भोंगा पाहिलाय, जत्रेत खांबाला बांधलेला. युनिट जळलं की मेकॅनिक आटे फिरवून ते काढतो आणि दुसरं बसवतो. तोही कर्णाच आहे, घडी घालून आखूड केलेला. पण त्याचं मुख हातभर आणि त्याची खालची हद्द काहीशे हर्ट्झवर. म्हणून भोंग्यावर भजन लागलं की झांजा कान फाडतात आणि तबल्यातला डग्गा गायब होतो. युनिटचा त्यात दोष नसतो. कर्ण्याच्या हद्दीखालचा स्वर कुठल्याही युनिटनं बाहेर पडत नाही. उलट त्या स्वरांना पडद्यावर भार उरत नाही, पडदा मोकाट हलतो आणि एक दिवस फाटतो.

आता चार-पाच वर्षं पुढे या. १९३५, दक्षिण लंडनचं सिडनहॅम. टेकडीवर क्रिस्टल पॅलेसची काच चमकतेय. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तो जळून जाणार आहे, हे इथे फक्त तुम्हाला माहीत आहे. सिल्व्हरडेल नावाच्या रस्त्यावर पॉल व्होइग्ट यांची छोटी कंपनी आहे. तिशीतला माणूस. एडिसन बेल या रेकॉर्ड कंपनीत दहा-एक वर्षं काढली, तिथे ध्वनिमुद्रणाची यंत्रं बनवली, मायक्रोफोन बनवले, आणि ती कंपनी बुडाल्यावर स्वतःचं नाव लावून हे सुरू केलं.

टेबलावर त्यांचा ड्रायव्हर ठेवलाय. खिशात स्क्रूड्रायव्हर असेल तर सांभाळा, चुंबकाला वीज दिलेली आहे, हातातून हिसकावून घेईल. एवढ्या थोरल्या चुंबकापुढे पडदा, म्हणजे कागद, मात्र अगदी हलका. आणि कागद एक नाही, दोन आहेत. मोठ्या कागदाच्या पोटात, थेट कॉइलला चिकटवलेला, दुसरा छोटा कागद. स्वर जसजसा चढतो तसा मोठा कागद मागे पडू लागतो. तेव्हा छोटा पुढे होतो. एका कॉइलवर दोन कागद, म्हणजे व्हायोलिनची तार आणि ढोलाचा ठोका एकाच जागेवरून येणार. आज ‘फुल-रेंज’ म्हणून जे ड्रायव्हर विकले जातात त्यातल्या कित्येकांच्या मध्यभागी हा छोटा कागद तुम्हाला अजून दिसेल.

हा ड्रायव्हर साध्या फळीवर लावून ऐकून बघा. निराशा होईल. आवाज स्वच्छ, चपळ, पण अंगात रक्त नसल्यासारखा. चुंबक इतकं जबर आहे की कागदाला घुमूच देत नाही. खालच्या स्वरांत कागदाला जे थोडं मोकळं डोलायला हवं असतं ते त्याला मिळत नाही, आणि आवाज मधल्या पट्टीच्या खाली लगेचच उतरणीला लागतो. पेटी बनवणारा माणूस असा ड्रायव्हर परत करेल. व्होइग्टना तो हवाय तो याच कारणासाठी. कर्ण्याच्या घशातली दाबलेली हवा ढकलायची तर जबर चुंबकच लागतं, आणि उतरलेला खर्ज भरून काढायला कर्णा आहे. पेटीत जे वैगुण्य तेच कर्ण्यात बळ. या एका गोष्टीपाशी मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवतोय, कारण पुढची सगळी जुळवाजुळव इथूनच निघते.

खोलीच्या कोपऱ्यात त्यांचा घरगुती कर्णा उभा आहे. ड्रायव्हर वर तोंड करून बसवलाय. त्याचा आवाज छोट्या कर्ण्यातून वर जातो आणि वरच्या वक्र फळीवर आपटून खोलीत येतो. कागदाच्या पाठीमागचा आवाज वाया जात नाही. तो खालच्या निमुळत्या नळीतून फिरून कोपऱ्यात बाहेर पडतो आणि खर्ज देतो. कर्ण्याची वळणरेषा डेनमनच्या कर्ण्यासारखी नाही. ती ट्रॅक्ट्रिक्स आहे. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये क्लोद पेरोनं टेबलावर घड्याळ ठेवलं, त्याच्या साखळीचं टोक टेबलाच्या कडेनं ओढलं आणि घड्याळ ज्या वाटेनं सरकलं ती रेषा कोणती असं विचारलं, तीच ही रेषा. व्होइग्टचा विचार असा की कर्ण्यातून निघणारी लाट सपाट नसते, ती फुगलेली असते आणि तिचा फुगवटा शेवटपर्यंत सारख्याच त्रिज्येचा राहतो. असा कर्णा मुखाशी पूर्ण काटकोनात उलगडतो आणि तिथेच संपतो, घातांकी कर्ण्यासारखा कुठेतरी कापावा लागत नाही. मला विचाराल तर गळ्याचा आवाज ऐकायला ही रेषा सगळ्यात गोड. पण ती खर्जासाठी लांबी वाचवत नाही, हेही खरं.

कोपरा का? मोकळ्या जागेत ५० हर्ट्झच्या कर्ण्याचं मुख सव्वादोन मीटर व्यासाचं हवं, कारण मुखाचा घेर त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा, म्हणजे सुमारे ६.९ मीटर असावा लागतो. तेवढं मुख घरात येणार कुठून? पण दोन भिंती आणि जमीन जिथे मिळतात तिथे आवाजाला पसरायला पूर्ण गोलाचा आठवाच हिस्सा मोकळा असतो. मुखही आठव्या हिश्शाचं चालतं. उरलेला कर्णा घराच्या भिंतीच पुऱ्या करतात.

युद्धानंतरची वर्षं झपाट्यानं ओलांडा. १९५० साली व्होइग्ट कॅनडाला निघून गेले. त्यांच्या ड्रायव्हरचं काम केंटमधल्या ब्रॉम्लीच्या लाउथर कंपनीत डोनल्ड चेव्ह यांनी पुढे नेलं. विजेच्या चुंबकाऐवजी कायमचं चुंबक आलं, दोन कागद तेच राहिले. तो वंश आजही चालू आहे. पण या काळात ड्रायव्हर आणि कर्णा जुळवणं हे कानाचं आणि अंदाजाचं काम होतं. एकाचं जमलेलं दुसऱ्याला जमेलच याची हमी नव्हती.

ती हमी आकड्यांतून आली. १९६१ साली ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सिडनीच्या रिचर्ड स्मॉल यांनी ड्रायव्हरचा स्वभाव मोजक्या आकड्यांत मांडला. मोकळा ठेवला तर कागद स्वतःहून कुठल्या स्वरावर डोलतो, तो पहिला आकडा, हर्ट्झमध्ये. डोलायला लागला की किती लवकर थांबतो, तो दुसरा; याला क्यू म्हणतात, आणि चुंबक जबर असेल तर तो लहान येतो. कागदाच्या कडा जेवढ्या लवचीक आहेत तेवढीच लवचीक हवा किती लिटर लागेल, तो तिसरा. त्यांनी हे केलं पेट्यांसाठी. कर्णेवाल्यांना दोन भेटी नंतर मिळाल्या. १९७४ साली ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात जॅक डिन्सडेल यांनी तीन लेखांत कर्ण्याचा सगळा इतिहास आणि आखणी मांडली. आणि १९७७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात डॉन कील यांनी त्या तीन आकड्यांवरून कर्ण्याचा घसा थेट काढून दाखवला.

त्या अधिवेशनाच्या सभागृहात मागच्या खुर्चीत बसा आणि कागदावर आकडेमोड करा. आठ इंची ड्रायव्हर समजा. पहिला आकडा ४५ हर्ट्झ, क्यू ०.२, हवा ५० लिटर. तिन्हींचा गुणाकार करा, त्याला २π नं गुणा, ध्वनीच्या वेगानं भागा. घसा येतो ८२ चौरस सेंटिमीटर. कागदाचं क्षेत्रफळ साधारण २१० असतं. म्हणजे हवा अडीच पट दाबली जाईल. दुसरा निष्कर्ष: पहिल्या आकड्याची दुप्पट भागिले क्यू, म्हणजे ४५० हर्ट्झ. तिथपर्यंत कर्णा पूर्ण जोरानं काम करेल, त्यावर कागदाचं वजन आडवं येऊ लागेल. आता फक्त चुंबक दुबळं करा. क्यू ०.६, बाकी सगळं तेच. घसा येतो २४६ चौरस सेंटिमीटर, कागदाहूनही मोठा! दाब मिळणारच नाही. आणि वरची हद्द ४५० वरून १५० वर घसरली. कागद दोन्हींचे सारखेच दिसतील, दुकानात एकाच फळीवर असतील. कर्ण्याला त्यातला एकच चालेल.

पहिल्या ड्रायव्हरचा कर्णा पुरा करूया. ५० हर्ट्झपर्यंत उतरायचं तर क्षेत्रफळ दर ३८ सेंटिमीटरला दुप्पट व्हायला हवं. कोपऱ्यात ठेवायचा तर मुख साधारण ६८ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. ८२ पासून तिथपर्यंत जायला सहाला थोडी कमी इतक्या वेळा दुप्पट, म्हणजे सव्वादोन मीटर लांबी. घडी घालून कपाटाएवढ्या पेटीत बसेल. ४० हर्ट्झचा हट्ट धरलात तर लांबी आणि मुख दोन्ही पुन्हा फुगतील. घरासाठी ५० वर समाधान मानावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऐंशीच्या दशकातल्या जपानमध्ये या आकड्यांचं सुतारकाम झालेलं पाहा. ऑडिओ समीक्षक तेत्सुओ नागाओका मासिकांतून कर्ण्यांचे आराखडे देतात आणि लोक घरी करवत घेऊन बसतात. ९१० बाय १८२० मिलिमीटरचा प्लायवूडचा तयार ताव, त्यातून तुकडे कसे कापले की कचरा कमी निघेल, याचा तक्ता आराखड्यासोबतच असतो. वक्र रेषा नाहीतच. सरळ फळ्या, काटकोनातली वळणं, प्रत्येक टप्पा आधीच्याहून थोडा रुंद. कर्णा ड्रायव्हरच्या पाठीला. पुढची बाजू थेट ऐकणाऱ्याकडे. फोस्टेक्स कंपनी अशा पाठीच्या कर्ण्यांसाठी वाजवीहून मोठ्या चुंबकांचे खास ड्रायव्हर काढते.

या मांडणीत ड्रायव्हर आणि घसा यांच्यामध्ये एक छोटा कप्पा असतो, आणि नवख्यांची चूक बहुतेक इथेच होते. कप्पा मोठा तर कर्णा फक्त खालचे स्वर घेतो, लहान तर मधले स्वरही पाठीमागून बाहेर येऊ लागतात. ०.२ क्यूचा आपला ड्रायव्हर स्वतःच्या ४५ हर्ट्झवर मधल्या पट्टीच्या पाचव्या हिश्शावर आलेला असतो आणि त्याची उतरण सव्वादोनशेच्या आसपास सुरू होते. कर्ण्यानं तिथून खाली हात द्यायचा आणि वर गप्प राहायचं. तो वरही बोलू लागला तर माणसाचा आवाज पिंपातून आल्यासारखा लागतो, कारण पाठीचा आवाज दोन-अडीच मीटर फिरून सहा-सात मिलिसेकंद उशिरा पोचलेला असतो. वळणं इथे उपयोगी पडतात. वरचे स्वर ती बऱ्यापैकी खाऊन टाकतात. तरीही हा उशीर पूर्ण जात नाही. पाठीच्या कर्ण्याची ही उणीव मान्य करूनच तो बांधावा.

परत साउथ केन्सिंग्टनला या, साल २०१४. डेनमनचा कर्णा १९३९ पर्यंत वाजला, युद्धात गोदामात गेला आणि १९४९ साली इमारतीच्या कामात अपघातानं मोडला. नऊ फुटांचा तुकडा तेवढा शिल्लक राहिला. अलेक्झांडर कोल्कोव्स्की या ध्वनिकलावंतानं म्युझियमच्या कारागिरांना घेऊन उरलेले १८ फूट नव्यानं घडवले, आणि कर्णा पुन्हा बोलला. तोंडासमोर पुन्हा लोक उभे आहेत, या वेळी खिशात मोबाइल घेऊन. घशाला तोच ५५५ जातीचा ड्रायव्हर आहे. दुसरा लावून भागलं नसतं.

आता तुमच्या घरी, तुमच्या टेबलाशी. समोर आठ इंची फुल-रेंजची जोडी आहे, कुणीतरी नावाजलेली म्हणून घेतलेली, आणि इंटरनेटवरून उतरवलेला एखाद्या कर्ण्याचा आराखडा. सुताराला आजच फोन करू नका. ड्रायव्हर आधी काही दिवस मध्यम आवाजात वाजू द्या, नव्या कागदाच्या कडा ताठ असतात. मग एक रेझिस्टर, एक मल्टिमीटर आणि मोबाइलवरचं स्वरजनित्र घेऊन पहिला आकडा आणि क्यू मोजा. कागदावर दहा-वीस ग्रॅम वजन चिकटवून पहिला आकडा किती खाली येतो ते पाहा, त्यावरून तिसरा निघेल. कंपनीच्या पत्रकावर विसंबू नका, दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळे मोजा. क्यू ०.३ च्या आत आला तर घसा काढा आणि त्या घशाचा कर्णा बांधा, भले आराखडा बाजूला ठेवावा लागला तरी. ०.४ च्या वर आला तर कर्ण्याचा नाद सोडा आणि त्या ड्रायव्हरला चांगली पेटी करून द्या; तो तिथे सुखानं गाईल.